फझी लॉजिक आणि कारखान्यातला धोका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआयडीसीतले सेफ्टी ऑफिसर, औद्योगिक सुरक्षेची पदविका करणारे विद्यार्थी आणि पन्नास-साठ माणसांचे छोटे कारखाने चालवणारे मालक यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढे अडचणीचे येतात. घाई असेल तर निदान प्रश्न ४, ९ आणि १५ वाचा.

१. वॉशिंग मशीनवर ‘फझी लॉजिक’ लिहिलेलं असतं, तेच का हे?

हो, मूळ तेच. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकवणारे, बाकूत जन्मलेले लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. नेहमीच्या गणितात एखादी गोष्ट संचात असते किंवा नसते. झादे यांनी ती ‘किती अंशी’ आहे असं विचारलं आणि त्या अंशाला ० ते १ मधला आकडा दिला. १९७०च्या दशकात लंडनमध्ये इब्राहिम मामदानी यांनी एक छोटं वाफेचं इंजिन ‘दाब जास्त असेल तर उष्णता कमी कर’ अशा माणसाच्या भाषेतल्या नियमांवर चालवून दाखवलं. १९८७ मध्ये जपानमधल्या सेंदाईची भुयारी रेल्वे याच तत्त्वावर धावू लागली, आणि मग हे तंत्र घरगुती यंत्रांत शिरलं.

धोक्याचं मूल्यमापन करणारे आजही बहुतेक वेळा मामदानींचीच पद्धत वापरतात. फरक एवढाच, की यंत्रात आकडे सेन्सरकडून येतात आणि आपल्याकडे माणसांच्या मतांतून. हा फरक दिसतो त्याहून बराच मोठा आहे.

२. आमच्याकडे धोक्याचा ५ बाय ५ चा मॅट्रिक्स (शक्यता आणि तीव्रता यांचे १ ते ५ गुण गुणून रंग देणारा तक्ता) आहे आणि ऑडिटमध्ये तो चालतो. मग हे कशाला?

चालत असेल तर टाकून देऊ नका. पण त्याच्या दोन खोडी माहीत असू द्या.

पहिली, चौकटीच्या कडा. ‘वर्षातून एकदा’ला ३ गुण आणि ‘महिन्यातून एकदा’ला ४. चार महिन्यांनी एकदा होणाऱ्या घटनेला काय द्यायचं? मीटिंगमध्ये यावर अर्धा तास वाद होतो, आणि कोण मोठ्या आवाजात बोलतं त्यावर पिवळ्याचा केशरी होतो.

दुसरी खोड गुणाकाराची. क्वचित घडणारा पण जीव घेणारा अपघात १ × ५ = ५, आणि रोज होणारं किरकोळ खरचटणंही ५ × १ = ५. दोन्ही एकाच रंगात बसतात. चाकण-भोसरीकडच्या ऑटो कंपन्यांत एफएमईए (कुठे काय बिघडू शकतं आणि त्याने काय होईल याचं पद्धतशीर विश्लेषण) करणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. तिथे तीव्रता, वारंवारता आणि शोध (दोष वेळेत सापडणं किती अवघड) यांचे १ ते १० गुण गुणून आरपीएन, म्हणजे धोक्याच्या अग्रक्रमाचा आकडा, काढायचे. ९ × २ × २ = ३६ आणि ३ × ४ × ३ = ३६. एकात हात जातो, दुसऱ्यात रंगाचा डाग पडतो, आरपीएन मात्र एकच. शिवाय १००० जोड्यांमधून वेगवेगळे आकडे निघतात फक्त १२०. ऑटो उद्योगाच्या २०१९ च्या एफएमईए पुस्तिकेने आरपीएन सोडून ‘ॲक्शन प्रायॉरिटी’चा तक्ता आणला, त्यामागे हीच तक्रार होती.

फझी पद्धत कडा बोथट करते आणि गुणाकाराच्या जागी नियम आणते. मात्र ते नियम कुणीतरी डोकं लावून लिहावे लागतात.

३. ० ते १ मधला आकडा म्हणजे संभाव्यताच झाली ना?

नाही. ‘या पाळीत यंत्रात बोट सापडण्याची संभाव्यता ०.३’ हे विधान अजून न घडलेल्या घटनेबद्दल आहे. पाळी संपली की त्याचं उत्तर हो किंवा नाही असं मिळतं. ‘हा गार्ड (यंत्राच्या धोक्याच्या भागावरचं संरक्षक झाकण) ०.३ अंशी ढिला आहे’ हे विधान समोर दिसणाऱ्या स्थितीला ‘ढिला’ हा शब्द किती लागू पडतो याबद्दल आहे. पाळी संपली तरी ते ०.३च राहतं.

भरपूर आकडेवारी असेल तर संभाव्यताच वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रश्न असतो तो आकडेवारी नसलेल्यांचा. ६० माणसांच्या कारखान्यात वर्षाला साधारण १,४४,००० मनुष्य-तास भरतात. त्यात एक लॉस्ट टाइम अपघात (ज्यामुळे माणसाचं काम बुडतं असा) झाला की दहा लाख तासांमागचा दर होतो ६.९. पुढच्या वर्षी एकही झाला नाही तर शून्य. त्या शून्याचा अर्थ कारखाना सुरक्षित झाला असा होत नाही. अशा ठिकाणी वीस वर्षं प्रेसवर काम केलेल्या माणसाचं ‘हे अधूनमधून होतं साहेब’ हे वाक्य जास्त माहिती देतं. ते वाक्य हिशेबात घेण्यासाठी फझी लॉजिक कामाला येतं.

४. एक उदाहरण हाताने सोडवून दाखवाल का?

दाखवतो. धोका असा: प्रेस शॉपमध्ये डाय (प्रेसमधला जड साचा) बदलताना ट्रॉलीवरून डाय घसरून पायावर पडणं. शक्यता आणि तीव्रता दोन्ही ० ते १० मध्ये मोजू.

दोन्हींसाठी तीन शब्द घेऊ. ‘कमी’ २ पर्यंत पूर्ण लागू, तिथून उतरत ५ ला शून्य. ‘मध्यम’ २ ला शून्य, ५ ला पूर्ण, ८ ला पुन्हा शून्य. ‘जास्त’ ५ ला शून्य आणि ८ पासून पुढे पूर्ण.

डाय सेटर आणि शिफ्ट इनचार्ज मिळून शक्यतेला ४ आणि तीव्रतेला ७ गुण देतात. मग शक्यता ०.३३ अंशी ‘कमी’ आणि ०.६७ अंशी ‘मध्यम’ ठरते. तीव्रता ०.३३ अंशी ‘मध्यम’ आणि ०.६७ अंशी ‘जास्त’.

आता लागू पडणारे नियम चार. शक्यता कमी आणि तीव्रता मध्यम तर धोका कमी. शक्यता कमी आणि तीव्रता जास्त तर धोका मध्यम. दोन्ही मध्यम तर धोका मध्यम. शक्यता मध्यम आणि तीव्रता जास्त तर धोका जास्त. प्रत्येक नियमाचा जोर म्हणजे त्याच्या दोन अटींपैकी लहान अंश. पहिल्या तिन्हींचा जोर ०.३३ येतो, चौथ्याचा ०.६७. ‘धोका मध्यम’ सांगणारे दोन नियम आहेत, त्यांपैकी मोठा जोर घ्यायचा. दोन्ही सारखे, म्हणून ०.३३.

शेवटी एक आकडा हवा. धोका कमी म्हणजे २०, मध्यम म्हणजे ५०, जास्त म्हणजे ८५ असं धरून भारित सरासरी काढू: (०.३३ × २० + ०.३३ × ५० + ०.६७ × ८५) ÷ १.३३. उत्तर ६०.

सॉफ्टवेअर बहुधा सरासरीऐवजी क्षेत्रफळाचा मध्यबिंदू काढतं, त्यामुळे तिथे थोडा वेगळा आकडा येईल. त्याने घाबरू नका. ६० हा मीटरवर वाचलेला आकडा नाही. ट्रॉलीच्या कडेला अडणी लावायचं काम यादीत कितव्या क्रमांकावर घ्यायचं, हे ठरवण्यापुरताच तो आहे.

५. ‘कमी’ ५ ला संपतं, ‘जास्त’ ८ ला पूर्ण होतं, हे ठरवलं कुणी?

वरच्या उदाहरणात मी. तुमच्याकडे तुम्ही ठरवायचं, आणि हीच या पद्धतीची दुखरी नस आहे. शोधनिबंधातले त्रिकोण उचलून तसेच वापरणारे प्रकल्प खूप दिसतात. तो शोधनिबंध परदेशातल्या एखाद्या खाणीवरचा असतो आणि प्रकल्प भोसरीतल्या फाउंड्रीवरचा.

आधी शब्दांना जमिनीवर आणा. ‘कधीकधी’ म्हणजे नक्की किती? ‘गेल्या दोन वर्षांत आपल्या शॉपमध्ये दोन-तीनदा निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) झालं’ असं काहीतरी लिहून ठेवा. मग मशीनवर उभं राहणाऱ्यांना विचारा: इतक्या वेळा झालं तर तुम्ही कोणता शब्द वापराल? उत्तरं जिथे फुटतात तिथे दोन शब्द एकमेकांवर चढले पाहिजेत. सगळ्यांचं एकमत असलेल्या जागी उतार कशाला हवा?

तीन शब्द बहुतेकांना पुरतात. पाच घेतले तर नियम वाढतात (प्रश्न ७). सातच्या वर गेलात तर माणसांना शब्दांतला फरक सांगता येत नाही आणि उत्तरं नुसती ठोकून दिली जातात.

६. हेल्पर म्हणतो धोका जास्त, सुपरवायझर म्हणतो कमी. दोघांची सरासरी घ्यायची का?

पुस्तकी उत्तर: प्रत्येकाचं मत त्रिकोणी संख्येत लिहायचं, उदाहरणार्थ ‘मध्यम’ म्हणजे (२, ५, ८), मग तिन्ही टोकांची वेगवेगळी सरासरी. अनुभवी माणसाला जास्त वजन देता येतं.

माझं उत्तर: मतं एका शब्दाने सरकलेली असतील तर खुशाल सरासरी घ्या. दोन टोकांची असतील तर थांबा. ‘कमी’ आणि ‘जास्त’ यांची सरासरी ‘मध्यम’ येते, आणि ‘मध्यम’ असं तर दोघांपैकी कुणीच म्हटलेलं नसतं. बहुतेक वेळा दोघे वेगवेगळी गोष्ट बघत असतात. सुपरवायझरच्या डोळ्यासमोर दिवस पाळी असते, हेल्परच्या समोर रात्रीची, जेव्हा टार्गेटसाठी गार्ड तारेने बांधून ठेवलेला असतो. अशा वेळी धोक्याच्या दोन वेगळ्या ओळी करा.

वजनाबद्दल एक सावधगिरी. वजनं हुद्द्यावर दिलीत तर मीटिंगमधला जुनाच क्रम गणिताचे कपडे घालून परत येतो. कॉन्ट्रॅक्टच्या कामगाराला तर अनेक ठिकाणी विचारलंच जात नाही, आणि जिथे हात घालायचा तिथे तोच असतो.

७. शक्यता आणि तीव्रतेबरोबर संपर्काचा काळ, थकवा, देखभाल, प्रशिक्षण हेही घ्यायचंय. चालेल?

तिसरा घटक जरूर घ्या. किन्नी आणि विरुथ यांनी १९७६ मध्ये रूढ केलेल्या फाइन-किन्नी पद्धतीत शक्यता, संपर्क आणि परिणाम असे तीन घटक आहेत, आणि तिचं फझी रूप बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. पण हिशेब बघा. तीन घटक आणि प्रत्येकी पाच शब्द म्हणजे १२५ नियम. चार घटक म्हणजे ६२५. इतके नियम कुणीही नीट विचार करून लिहीत नाही. चाळीसएक झाले की पुढचे कॉपी-पेस्ट होतात.

उपाय म्हणजे पायऱ्या करणं. थकवा आणि प्रशिक्षण यांतून आधी ‘माणसाकडून चूक होण्याची शक्यता’ काढा, देखभाल आणि गार्डची स्थिती यांतून ‘यंत्राकडून’, मग दोन्ही एकत्र करा. तीन-तीन शब्द घेतले तर प्रत्येक पायरीला ९ नियम, एकूण २७. भिंतीवर लावून वाचता येतात.

८. आवाज, वायू, ऑक्सिजन यांच्या कायदेशीर मर्यादाही फझी करायच्या का?

नाही. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा वर्षानुवर्षं आहे. ९५ झाला की चार तास, १०० ला दोन. तिथे ‘९१ म्हणजे ०.२ अंशी जास्त’ असं म्हणायला जागा नाही. टाकीत उतरण्याच्या परमिटवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर माणूस आत जाणार नाही, विषय संपला.

फझीला वाव आहे तो मर्यादेच्या आतल्या बाजूला. ८७ डेसिबलचं मशीन कायद्यात बसतं, पण कान तासाला हळूहळू झिजवतं. ८७ आणि ७८ या दोन्हींना एकच हिरवा रंग देणं मूर्खपणाचं आहे, आणि उताराची रेघ इथे उपयोगी पडते.

९. जीव जाऊ शकतो पण शक्यता अगदी कमी, अशा धोक्याचा आकडा मधेच कुठेतरी येतो. बरोबर आहे का?

गणित बरोबर, वापर चूक. सरासरी काढणारी कोणतीही पद्धत टोकं खाते. बंदिस्त टाकी, उंचावरचं काम, विजेचं पॅनेल, लोटो (वीज तोडून कुलूप आणि टॅग लावणं) न करता प्रेसच्या आत हात घालणं, या धोक्यांसाठी फझी गणिताच्या आधी एक दार ठेवा: मरण किंवा कायमचं अपंगत्व संभवत असेल तर आकडा काहीही येवो, ठरलेली नियंत्रणं जागेवर आहेत की नाहीत ते तपासायचं. नसतील तर काम बंद. ज्या ओळी या दारातून पुढे जातात त्यांचाच क्रम फझीने लावायचा.

दार न ठेवता नियमांतच भागवायचं असेल, तर ‘तीव्रता जास्त’ असलेल्या एकाही नियमाचा निष्कर्ष ‘धोका कमी’ असा लिहू नका. प्रश्न ४ मध्ये शक्यता कमी आणि तीव्रता जास्त असताना निष्कर्ष ‘मध्यम’ ठेवलाय तो यासाठीच.

१०. सगळं कमाल भरलं तरी उत्तर ९२ च्या पुढे जात नाही. बिघाड आहे का?

नाही. शेवटचा शब्द ७५ ला सुरू होऊन १०० ला टोक गाठणारा त्रिकोण असेल, तर त्याचा मध्यबिंदू (७५ + १०० + १००) ÷ ३ = ९१.७ येतो. तळाला तसंच ८.३ च्या खाली उतरत नाही. हवं तर निकाल ० ते १०० मध्ये ताणून घ्या, किंवा अहवालात कमाल ९२ असल्याचं एका ओळीत लिहा. नाहीतर प्लांट हेड ‘शंभरपैकी ब्याण्णवच ना’ म्हणून निश्चिंत होतात.

११. शक्यता वाढवली तर धोक्याचा आकडा किंचित कमी झाला! असं कसं?

आधी नियम तपासा. बहुधा एखादा निष्कर्ष उलटा लिहिला गेलेला असतो. नियम ठीक असतील तरी मामदानींच्या पद्धतीत मध्यबिंदू काढताना असे छोटे खड्डे पडू शकतात, हा या पद्धतीचा ज्ञात दोष आहे. वापरात आणण्यापूर्वी दोन्ही घटक अर्ध्या-अर्ध्या गुणाने वाढवत पूर्ण तक्ता काढा आणि आकडा कुठे खाली येतो का ते पाहा. आला तर त्रिकोणांची रुंदी सारखी करा किंवा प्रश्न ४ सारखी भारित सरासरी वापरा. याच तक्त्यात एकही नियम लागू न पडणारी रिकामी जागाही सापडते.

१२. प्रकल्पासाठी फझी एएचपी घेऊ का? गाइड म्हणतात, नुसतं फझी फार साधं वाटतं.

एएचपीमध्ये घटकांची जोडीजोडीने तुलना करून वजनं काढतात. धोक्याचे निकष बरेच असतील तर उपयोग आहे. दोन-तीन घटकांसाठी घेणं म्हणजे मुंगी मारायला बुलडोझर. घेतलंच तर १९९६ ची चँग यांची सोपी पद्धत जपून वापरा. तिच्यात कधीकधी महत्त्वाच्या निकषालाही शून्य वजन येतं. ‘प्रशिक्षण: ०.००’ असा तक्ता व्हायव्हात दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला.

१३. सॉफ्टवेअर कोणतं?

मॅटलॅबमध्ये तयार टूलबॉक्स आहे, पायथनमध्ये सायकिट-फझी फुकट मिळतं. दोन-तीन घटकांसाठी एक्सेल पुरतं, त्रिकोण मिन आणि मॅक्स या दोन सूत्रांत बसतो. फक्त पहिल्या आणि शेवटच्या शब्दाचा सपाट भाग वेगळा लिहा, नाहीतर शून्याने भागाकार होऊन सेलमध्ये एरर येते. माझी पसंती एक्सेललाच आहे, कारण सेफ्टी कमिटीतला कामगार प्रतिनिधीही सेलवर क्लिक करून आकडा कुठून आला ते बघू शकतो.

१४. नियंत्रण लावल्यावर पुन्हा गुण देतो, तेव्हा सगळंच हिरवं होतं. काही चुकतंय का?

बहुतेक हो. ‘पीपीई दिलं’ असं लिहून तीव्रता ९ वरून ४ वर आणणं ही सगळ्यात जास्त दिसणारी युक्ती आहे. हातमोज्याने प्रेसचे टन कमी होत नाहीत. ड्रिल किंवा लेथवर तर हातमोजा फिरत्या भागात अडकून हात आत ओढला जातो, म्हणजे तो स्वतःच धोका. तीव्रता कमी होते ती ऊर्जा, वजन, उंची किंवा रसायन बदललं तर. लाइट कर्टन (हात आडवा आला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) किंवा दोन हातांचं बटण शक्यता कमी करतं, तेही ते चालू असेपर्यंत. त्यामुळे ‘नियंत्रण किती चालू स्थितीत असतं’ हाच एक घटक म्हणून घ्या आणि त्याचे गुण रात्रपाळीच्या फेरीनंतर द्या.

१५. ऑडिटर किंवा फॅक्टरी इन्स्पेक्टर हे मान्य करतील का?

आयएसओ ४५००१ हे कामाच्या जागच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक कोणतीही एक पद्धत लादत नाही. पद्धत आणि निकष ठरलेले असावेत, अपघात होण्याआधीच धोका शोधणारे असावेत, शिस्तीने वापरले जावेत आणि लिखित असावेत एवढं मागतं. म्हणून फाइलमध्ये शब्दांचे त्रिकोण, नियमांची यादी, कुणाकुणाला विचारलं त्यांची कामं (नावांची गरज नाही) आणि प्रश्न ११ मधला तक्ता ठेवा.

इन्स्पेक्टरांची गोष्ट वेगळी. कारखाने कायदा १९४८ चा असो की कामगार सुरक्षेची २०२० ची संहिता, ते विचारतात ते गार्ड आहे का, परमिट आहे का, प्रशिक्षणाची नोंद आहे का. तिथे ‘सर, आमचा फझी स्कोर ३१ आहे’ हे उत्तर देऊ नका.

१६. आमची रेषा ५० ला आहे आणि एका धोक्याचा आकडा ४९ आला. मॅनेजर म्हणतात, आत आहे, चालू द्या.

मग कडा बोथट करायला इतकी खटपट करून शेवटी तुम्ही पुन्हा धारदार कडा बसवलीत. ४९ आणि ५१ मध्ये जेवढा फरक आहे त्याहून मोठा फरक एका माणसाने ४ ऐवजी ४.५ गुण दिल्याने पडतो. प्रश्न ४ च्याच उदाहरणात शक्यता ४.५ करून बघा, उत्तर ६० वरून ६६ च्या आसपास जातं.

रेषा हवीच असेल तर पट्टा करा. ४० ते ६० मधल्या प्रत्येक ओळीला एक अर्ध्या गुणाने वर आणि एक अर्ध्या गुणाने खाली अशी दोन जादा उत्तरं काढा, आणि वरचं उत्तर धरून निर्णय घ्या. अहवालात नुसता आकडा न लिहिता ‘०.३३ अंशी कमी, ०.३३ अंशी मध्यम, ०.६७ अंशी जास्त’ असंही लिहा, म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते कळेल. आणि ४९ ची ती ओळ प्रश्न ९ च्या दारातली असेल, तर आकड्याकडे बघण्याआधी गार्ड बघून या.